ताई ची शिकताय? आधी उभं राहायला शिका

ठाण्यात उपवन तलावाच्या काठावर किंवा खारघरच्या सेंट्रल पार्कात सकाळी कुणी संथपणे हात फिरवताना दिसलं, की बघणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "हे सगळं यायला किती दिवस लागतात?" 'हे सगळं' म्हणजे ताई ची या संथ चिनी व्यायामप्रकारातला फॉर्म, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या ठरलेल्या हालचाली. चोवीस हालचालींचा फॉर्म साधारण स्मरणशक्तीच्या माणसाला तीन-चार महिन्यांत पाठ होतो. मग तो सोसायटीच्या गणेशोत्सवात करून दाखवला जातो, टाळ्या पडतात, आणि पुढे काय करायचं ते कळेनासं होतं. बरेच जण तिथेच सोडतात. काही जण दुसरा फॉर्म पाठ करायला घेतात, आणि दरम्यान गुडघे कुरकुरायला लागलेले असतात.

म्हणून फॉर्मच्या आधी करायचं काम इथे क्रमाने सांगते. त्याला ताई चीवाले आतला सराव म्हणतात. बाहेरचा भाग म्हणजे ज्याचा फोटो निघतो तो: हात किती उंच, पाय किती लांब, मान कुठे. आतला भाग फोटोत येत नाही. कुठल्या पायावर किती वजन आहे, जांघेचा सांधा सुटलाय की आवळलाय, हात खांद्याने उचलला की तो पायांपासून वर आला, श्वास कुठे अडला, लक्ष कुठे होतं, हे सगळं त्यात येतं. ऐकायला गूढ वाटलं तरी यातली प्रत्येक गोष्ट तपासून बघता येते, आणि कशी तपासायची तेही पुढे येईल.

हा भाग मागे का पडला, याला इतिहास आहे. चीनच्या हेनान प्रांतातलं चेन्जियागोऊ हे ताई चीचं गाव. सतराव्या शतकातल्या चेन वांगतिंगपासून तिथली परंपरा सांगतात. त्या गावात शिकून यांग लुचानने एकोणिसाव्या शतकात ही विद्या पेकिंगला (आजच्या बीजिंगला) नेली. आज आपण बागेत बघतो ती मोठी, एकसारख्या गतीची, संथ शैली त्याचा नातू यांग चेंगफू (१८८३–१९३६) याच्यामुळे पसरली. पुढे १९५६ साली चीनच्या सरकारी क्रीडा खात्याने यांग शैलीतल्या हालचाली निवडून चोवीसचा छोटा फॉर्म बसवला. सामान्य माणसाने तब्येतीसाठी करावा हा हेतू होता, आणि तो चांगलाच साधला. पण एका वेळी शंभर माणसांना जे शिकवता येतं ते बाहेरचं. प्रत्येकाच्या कमरेला हात लावून "इथे सोडा" असं सांगणं मैदानावर जमत नाही. यूट्यूबवर तर मुळीच नाही.

जागा, बूट, पोट

जागा सपाट हवी. आपल्याकडच्या बागांमधले पेव्हर ब्लॉक बघायला सपाट असतात, पण पायाखाली एखादा हमखास हलतो. उभं राहण्याआधी पायाने चाचपून घ्या. कचराळी तलावाभोवती किंवा वाशीच्या सागर विहारला चालणाऱ्यांच्या वाटेतून बाजूला होऊन एक कोपरा धरा. संध्याकाळी तलावपाळीचा विचार सोडा, तिथे सरावापेक्षा बघे जास्त मिळतील. एप्रिल-मे महिन्यांत सातच्या आत आटपलं तरच बरं, नाहीतर घामाने लक्ष उडतं. पावसाळ्यात सुरुवातीचं सगळं काम घरात होतं. उभं राहायला दोन फरशा पुरतात, वजन बदलायला चार. गॅलरीत करणार असाल तर फरशी कोरडी आहे ना ते बघा.

पळायचे जाड, गुबगुबीत सोलचे बूट नकोत. त्यात तळव्याखाली काय चाललंय ते कळत नाही, आणि इथे सगळं तळव्यावरच आहे. पातळ, सपाट तळाचे कॅनव्हासचे बूट चालतात; घरात अनवाणी उत्तम.

पोट रिकामं किंवा हलकं. चहा आणि एखादं केळं चालेल. पोह्यांची ताटली सरावानंतर.

गुडघा बदललेला असेल, मणक्याचा त्रास असेल, चक्कर येत असेल, गरोदरपण असेल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा, आणि शिक्षकालाही पहिल्याच दिवशी सांगा. लपवून काही मिळत नाही.

पायरी १ : उभं राहणं

याला चिनी भाषेत झान झुआंग म्हणतात: खांबासारखं एका जागी उभं राहायचं. वांग श्यांगजाई नावाच्या गुरूने १९२०च्या दशकात हाच सराव मुख्य धरून यीच्युआन नावाची वेगळी पद्धत उभी केली, यावरून याचं वजन लक्षात यावं. नवशिक्याला मात्र हा सराव अजिबात आवडत नाही. काही घडतच नाही, असं वाटतं. पण मला विचाराल तर वर्षभरात यातली एकच गोष्ट शिकता येणार असेल तर ही शिका.

पाय खांद्याएवढे लांब ठेवा आणि पावलं एकमेकांना समांतर. आपल्यापैकी बहुतेकांची पावलं बाहेर वळलेली असतात, त्यामुळे समांतर ठेवल्यावर आत वळल्यासारखी वाटतील. तसं वाटू द्या. वजन टाचेवरही नको, चवड्यावरही नको, तळव्याच्या मधोमध. ते सापडत नसेल तर पुढे-मागे अगदी थोडं डुला आणि झोका लहान लहान करत आणा. थांबाल तिथे मध्य.

आता गुडघे किंचित सैल करा. वाकवू नका, नुसतं कुलूप काढा. गुडघा पायाच्या बोटांच्या पुढे गेला तर जास्त झालं. इथे नवीन माणूस हटकून खाली बसायला लागतो, कारण खोल बसलं म्हणजे जास्त मेहनत झाली असं त्याला वाटतं. जोर-बैठकांची सवय असलेल्यांना हा मोह फार. पहिले दोन-तीन महिने उंचच उभे राहा, गुडघा वाकलाय हे समोरच्याला दिसूही नये इतपत.

मग जांघ. मांडी आणि पोट जिथे मिळतात तिथली घडी, पँटच्या खिशाच्या आतल्या टोकाजवळची. ताई चीत या जागेला क्वा म्हणतात आणि शिक्षक दिवसभर तिचंच नाव घेतात. दोन्ही हातांच्या कडा त्या घडीत ठेवा आणि उंच स्टुलावर टेकायला निघाल्यासारखं अगदी एक बोटभर मागे-खाली या. घडी मऊ पडते, हाताची कड थोडी आत जाते. ते जाणवलं की बस्स. त्यासोबत माकडहाड खाली जड होऊ द्या. पुढे ढकलू नका आणि मागेही काढू नका. कंबरेची आतली खळगी थोडी भरून येईल. भिंतीला पाठ लावून उभे राहिलात तर हे लवकर कळतं: कंबर आणि भिंत यांच्यातली फट कमी झाली पाहिजे, पण पोट आवळून नाही.

छाती फुगवू नका. शाळेच्या पी.टी.मधलं 'सावधान' विसरा. खांदे उचलून एकदा कानापर्यंत न्या आणि सोडा, ते जिथे पडतील तिथे राहू द्या. हनुवटी किंचित आत, डोक्याचा मागचा भाग वर. जीभ टाळूला हलकेच लावलेली, नजर समोर पण कशावर रोखलेली नाही. सगळ्याचा मिळून अंदाज हवा असेल तर दोरीवर वाळत घातलेली ओली चादर आठवा: वरून धरलेली, आणि बाकीची आपल्याच वजनाने खाली सुटलेली.

शेवटी हात. छातीसमोर गोल करून आणा, जणू मोठी घागर कवेत घेतलीय. तळवे आपल्याकडे, बोटं एकमेकांपासून सुटी, कोपरं मनगटांपेक्षा खाली. हात खांद्यांच्या वर नकोत. खांदे भरून आले तर हात बेंबीसमोर उतरवा, सराव मोडू नका.

पहिल्या आठवड्यात तीन मिनिटं. पुढे दर आठवड्याला एक मिनिट वाढवा, पंधरा-वीस मिनिटांवर थांबवा. फोनला गजर लावून तो पालथा ठेवा.

काय होईल तेही आधी सांगून ठेवते. मांड्या थरथरतील. खांदे जळजळतील. तळहात गरम होतील, बोटांत मुंग्यांसारखं वाटेल. डोक्यात किराण्याची यादी सुरू होईल. हे सगळं चालतं. थरथर म्हणजे जे स्नायू कधी कामाला लागले नव्हते त्यांना काम मिळालं आणि जे उगाच काम करत होते ते अजून सोडायला तयार नाहीत. तळहाताची ऊब आली की काही शिक्षक लगेच 'ची जागी झाली', म्हणजे अंगातली प्राणशक्ती जागी झाली, म्हणून खूश करतात. त्या उबेच्या मागे लागू नका. रोज ती येतेय का हे बघत बसलात की उभं राहणं बाजूला पडतं. गुडघ्यात टोचल्यासारखी कळ, गरगरणं, धाप किंवा छातीत दुखणं मात्र चालत नाही. यांपैकी काही झालं तर हात खाली आणा, बसा आणि त्या दिवशी पुढे काही करू नका. संपवताना एकदम चालायला लागू नका: हात पोटाशी आणा, दोन-तीन श्वास थांबा, मग थोडं फिरा.

पायरी २ : सैल आणि गळालेलं यातला फरक

'रिलॅक्स' म्हटलं की माणूस मोडून पडतो: खांदे पुढे, छाती आत, हात लोंबते. ताई चीला ती अवस्था नको आहे. सांधे सुटलेले असावेत, पण आकार टिकावा. बाहेरून दाब आला तर तो शरीरातून पायाखाली जावा, खांद्यात अडू नये. या टिकून राहणाऱ्या भरीवपणाला पंग म्हणतात, आणि तो आहे की नाही हे एकट्याने कळत नाही.

घरातल्या कुणालाही बोलवा. वरच्या पद्धतीने उभे राहा आणि त्याला तुमच्या गोल केलेल्या हातांवर दोन्ही तळवे ठेवून हळूहळू दाब वाढवायला सांगा. धक्का मारायचा नाही, दाब. तीन गोष्टी होऊ शकतात. हात छातीला चिकटले तर तुम्ही गळालात. तुम्ही आख्खेच्या आख्खे मागे ढकलले गेलात, तर तुम्ही ताठ होतात. दाब वाढेल तसं पायाचे तळवे जमिनीला जास्त चिकटल्यासारखे वाटले आणि खांद्यांना त्याचा पत्ताही नव्हता, तर जमतंय. दाब हलकाच ठेवा, दोन किलो साखरेच्या पिशवीएवढा. तिथे जमलं तरच वाढवा.

कराटे, जिम किंवा कबड्डी केलेल्यांना ही पायरी जास्त वेळ घेते. त्यांना ताकद लावता येते ना, म्हणून.

पायरी ३ : वजन एका पायावरून दुसऱ्यावर

ताई चीतला मऊपणा हातातून दिसतो, पण तो येतो पायांतून. यांग चेंगफूच्या नावाने जे दहा मूलभूत नियम सांगितले जातात, त्यात 'रिकामं आणि भरलेलं वेगळं ओळखा' हा एक आहे. भरलेला पाय म्हणजे ज्यावर वजन आहे तो, रिकामा म्हणजे ज्यावर नाही. ऐकायला सोपं आहे. पण चालताना आपण जवळजवळ सगळे रिकाम्या पायावर पडतो आणि मग सावरतो.

हे करून बघा. सगळं वजन डाव्या पायावर न्या, इतकं की उजवा पाय उचलताना शरीर इकडेतिकडे हललंच नाही पाहिजे. उजवी टाच पुढे, थोडी बाजूला टेकवा, वजन न देता. आता थांबा आणि तो पाय परत मागे घ्या. घेता आला? मग वजन खरंच डाव्यावर होतं. नाही आला, किंवा टाच धप्पकन आपटली, तर वजन आधीच निसटलं होतं. पाऊल लहान करा, तेवढ्यानेच बहुतेक वेळा सुटतं. पाय सुखाने मागे घेता आला की पुन्हा टाच टेकवा, पाऊल सपाट करा, आणि मगच वजन हळूहळू पुढे सरकवा. मागच्या पायाने ढकलत जा, छातीने पुढे झुकू नका. हॉलच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत असं चाला, आणि तसंच उलटं या.

गुडघ्याचं इथे सांभाळा. वजन पुढच्या पायावर येताना गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेनेच जायला हवा. तो आत कोसळला तर नुकसान होतं, त्या दिवशी नाही, सहा महिन्यांनी. वळायचं असेल तेव्हा वळण जांघेच्या सांध्यातून घ्या, आणि पायावर वजन असताना पाऊल जमिनीवर घासून फिरवू नका. ताई चीने गुडघे गेले असं सांगणाऱ्या लोकांना चालून दाखवायला सांगा. निम्म्या वेळा कारण तिथेच दिसेल.

तोल राहण्याचा फायदा नुसता सांगोवांगीचा नाही. २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) १९५ रुग्णांवरचा एक अभ्यास आला. २४ आठवडे, आठवड्यातून दोनदा ताई ची करणाऱ्यांचा तोल हा वजनी व्यायाम करणाऱ्या आणि स्ट्रेचिंग करणाऱ्या दोन्ही गटांपेक्षा सुधारला. पडण्याचं प्रमाण स्ट्रेचिंगवाल्यांपेक्षा कमी झालं. वजनी व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ते कमी झाल्याचं मात्र दिसलं नाही. म्हणजे घरातल्या आजोबांना जिम जमणार असेल तर जिमही चांगलीच, आणि ताई ची हा पार्किन्सन बरा करणारा उपाय आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

या पायरीचा सराव दिवसभर फुकट करता येतो. ओट्यापाशी पोळ्या लाटताना, ठाणे स्टेशनवर रिक्षाच्या रांगेत, बँकेत. ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या लोकलमध्ये ऐरोली ते तुर्भे उभ्याने जायचं असेल तर हँडल नीट धरा, आणि ते धरलेल्या हाताचा खांदा मात्र सोडा. गाडी वळणावर हलते तेव्हा आधी काय आवळतं ते बघा: पोट, जबडा की पायाची बोटं. हँडल सोडून शूरपणा करायचा नाही, आणि दारात तर हा प्रयोग नकोच.

पायरी ४ : कंबर आणि जांघ

ताई चीच्या जुन्या सूत्रांत एक क्रम दिलाय: मूळ पायांत, जोर मांड्यांतून निघतो, कंबर त्याचं नियंत्रण करते आणि तो बोटांतून दिसतो. नवशिक्याचा क्रम नेमका उलटा असतो. आधी हात निघतात, त्यांच्यामागे खांदे आणि कंबर शेवटी फरफटत येते.

पायरी एकप्रमाणे उभे राहा, हात कमरेवर. गुडघे समोरच ठेवून धड डावीकडे वळवा, नाक आणि बेंबी एकाच रेषेत. साधारण तीस-चाळीस अंशांवर डाव्या जांघेची घडी खोल होईल आणि उजवी उघडेल. याच्यापुढे गेलात की गुडघे वळायला लागतात; तिथे थांबा. परत मध्यावर, मग उजवीकडे. इतकंच, सावकाश, दहा-बारा वेळा.

मग हात मोकळे सोडून तेच करा. हात स्वतःहून हलणार नाहीत, कंबर वळली की आपोआप थोडे मागे राहून येतील. आठवडाभराने एक हात छातीसमोर धरा आणि कंबरेच्या वळणाने त्याला आडवा नेऊ द्या. हे जमलं की चेन शैलीत ज्याला रेशीम उलगडण्याचा व्यायाम म्हणतात त्याच्या दाराशी तुम्ही आलात: पायापासून बोटांपर्यंत एकच सलग गोल वळण, मध्ये कुठे तुटलं नाही असं. तो व्यायाम मात्र समोर शिक्षक असतानाच शिका. गोल फिरवायच्या नादात मनगट आणि खांदा वेगळे फिरतात आणि स्वतःला ते दिसत नाही.

आरशासमोर शर्टची बटणं बघा. बटणांची रेष सरळ असताना हात फिरत असेल तर कंबर झोपलेली आहे.

पायरी ५ : श्वास

नाकाने, नैसर्गिक, शांत. पहिलं वर्ष एवढंच.

आपल्याकडे अनुलोम-विलोम किंवा कपालभाती करणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांना इथेच अडचण येते. त्यांना श्वास मोजायचा असतो, हालचालीला श्वास बांधायचा असतो. प्राणायाम वेगळा करा, हवा तर ताई चीच्या आधी करा, पण एकात एक मिसळू नका. कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, तर इथे नकोच, विशेषतः रक्तदाब असेल तर. बघायचं ते एकच: हालचाल अवघड झाली की श्वास थांबतो का? पाऊल टाकताना बऱ्याच जणांचा थांबतो. थांबलेला लक्षात आला की पाऊल लहान करा. पोट उलटं आत घेऊन श्वास घ्यायची एक पद्धत आहे, तिच्याबद्दल कुठे वाचलंत तरी स्वतःहून करू नका.

पायरी ६ : आता फॉर्म, पण थोडाच

दीड-दोन महिने वरचं केलंत तर फॉर्मला हात घाला. कुठला निवडावा यावर लोक फार वाद घालतात. जवळचा शिक्षक जो चांगला शिकवतो तो. चेन, यांग, सुन आणि वू नावाच्या दोन, या सगळ्या शैलींत आतलं काम तेच आहे, वाटा वेगळ्या.

समजा चोवीसचा घेतलात. पहिल्या तीन हालचाली आहेत: सुरुवात, रानघोड्याची आयाळ विंचरणं आणि पांढऱ्या सारसाने पंख पसरणं. दोन महिने एवढ्याच करा. सोबतचे लोक माकडाला मागे हटवण्याच्या सहाव्या हालचालीपर्यंत पोचतील, पोचू द्या.

'सुरुवात' ही नुसती दोन्ही हात खांद्यापर्यंत उचलून खाली आणण्याची हालचाल. पाच वर्षांचं मूलही करेल. पण ती चार वेगवेगळ्या तऱ्हांनी करा. एकदा फक्त तळव्यांवर लक्ष: हात वर जाताना तळवे जमिनीला किंचित दाबले जातात का? एकदा फक्त खांद्यांवर: ते वर सरकले का? एकदा जांघेवर: हात खाली येताना ती घडी मऊ पडली का? आणि एकदा कशावरच नाही. यातल्या प्रत्येक वेळी हालचाल वेगळी वाटते, हेच शिकायचं आहे. मनातला हेतू आधी, मग हालचाल, असं जुने शिक्षक सांगतात. त्याची चव इथे मिळते.

आयाळीच्या हालचालीत पायरी तीन आणि चार एकत्र येतात. पाऊल रिकामं टाका, वजन सरकू लागल्यावर कंबर वळवा, आणि वळण हाताला उघडू द्या. या तिघांतलं कुठलंही क्रम सोडून आधी घडलं तर थांबा आणि तिथूनच पुन्हा करा. आख्खा फॉर्म पुन्हा सुरुवातीपासून करायची सवय लावून घेऊ नका. त्याने सुरुवात सुंदर होते आणि मधलं कायम कच्चं राहतं.

गती? जितक्या संथपणे श्वास न अडता आणि मांडी न थरथरता जमेल तितकी. चोवीसचा फॉर्म साधारण पाच-सहा मिनिटांत होतो. दोन मिनिटांत होत असेल तर तो कवायतीकडे झुकलाय.

पायरी ७ : दुसऱ्याचा हात

फॉर्म थोडा अंगात आला, साधारण सहा महिन्यांनी, की जोडीने हात ढकलण्याचा सराव सुरू करावा. तो न शिकवणारे वर्ग पुष्कळ आहेत. माझ्या मते तिथे अर्धीच ताई ची मिळते, कारण स्वतःच्या मऊपणाबद्दलचा गैरसमज दुसऱ्याच्या हाताखालीच फिटतो.

सुरुवात एका हाताने, एका जागी उभं राहून. दोघांचाही उजवा किंवा दोघांचाही डावा पाय पुढे, मनगटाला मनगट लागलेलं. एक जण हळू ढकलतो, दुसरा वजन मागे नेत आणि कंबर वळवत तो दाब बाजूला जाऊ देतो, मग तो ढकलतो. असं आडवं गोल फिरत राहतं. जिंकायचं नाही. तालमीत खेळलेल्यांना हे पहिल्या दिवशी बुळचट वाटतं, कारण पकड घ्यायची सोय नाही. त्यांनी महिनाभर कळ काढावी: समोरच्याचं वजन कुठे आहे हे मनगटावरून कळायला लागलं की त्यांच्याच डोळ्यांत चमक येते.

स्त्री-पुरुष एकत्र असलेल्या वर्गात फक्त मनगट आणि कोपर यांचाच स्पर्श, असा नियम आधीच ठरलेला असावा. वयस्कर माणसासोबत असाल तर मागे भिंत, कठडा किंवा पायरी नाही ना ते बघा. आणि "काका, जोरात नको ना झालं?" असं विचारायला लाज वाटू देऊ नका.

शिक्षक कसा ओळखावा

ठाण्यात किंवा नवी मुंबईत वर्ग शोधताना फी विचारण्याआधी एक वर्ग बाजूला बसून बघायला मागा. नाही म्हणणारा शिक्षक नको. बसल्यावर हे बघा: पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत उभं राहण्याचा किंवा वजन बदलण्याचा काही सराव होतो का, की थेट फॉर्म सुरू होतो? शिक्षक पुढे उभा राहून नुसता करून दाखवतो, की विचारून हात लावून दुरुस्त करतो? गुडघ्याबद्दल बोलतो का? जुने विद्यार्थी किती वर्षांपासून शिकताहेत, आणि त्यांना शिक्षकाला प्रश्न विचारायची मुभा आहे का?

स्पर्श न करता माणसं उडवून दाखवणारा, दोन दिवसांत प्रशिक्षक करून देणारा आणि मधुमेहाच्या गोळ्या बंद करायला सांगणारा, या तिघांपासून लांब राहा. तिसऱ्यापासून जास्त लांब.

स्पर्धेची ताई ची शिकवणारेही भेटतील. वुशू, म्हणजे चिनी युद्धकलांचा स्पर्धात्मक खेळ, १९९०पासून आशियाई खेळांत आहे आणि त्यातल्या ताई चीत उड्या, उंच लाथा, खोल बैठका असतात. वीस वर्षांच्या मुलाला ते छान. पंचेचाळिशीत सुरू करणाऱ्याने तिथे जाऊन खोल बैठकीची हौस भागवू नये.

पहिल्या तीन महिन्यांचा आठवडा

रोज वीस मिनिटं पुरतात, आणि रविवारची दोन तासांची भरपाई चालत नाही. पहिला महिना: उभं राहणं, वजन बदलत चालणं, कंबर वळवणं, बस्स. आठवड्यातून एकदा घरच्या माणसाकडून दाबाची तपासणी. दुसऱ्या महिन्यात उभं राहणं वाढवत न्या, चालणं उलट्या दिशेनेही करा. तिसऱ्यात फॉर्मच्या पहिल्या तीन हालचाली, पण उभं राहणं न सोडता. वेळ कमी असेल त्या दिवशी फॉर्म सोडा, उभं राहणं ठेवा.

एक छोटी वही ठेवा. किती मिनिटं उभे राहिलात ते लिहू नका, फोन ते मोजतोच. आज कुठे आवळलं होतं ते एका ओळीत लिहा: डावा खांदा, जबडा, उजव्या पायाचा अंगठा. महिन्याभरात तीच दोन-तीन नावं परत परत येताना दिसतील. वर्गाला जाताना ती वही घेऊन जा आणि शिक्षकाला दाखवा. बाकी काही विचारायला सुचलं नाही तरी त्या दोन-तीन जागांवर त्यांना हात ठेवून बघायला सांगा.